कपिलेचं ताट

मानसिंगराव सुभेदारांनी चहाचा कप उचलला, नाकापर्यंत नेला आणि तसाच बशीत ठेवला.

"अगं, चहात घातलंयस काय?"

"आलं," चंद्राबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"आल्याचा वास असा नसतो. ह्यो गेल्या आठवड्यातल्या मेथीचा वास हाय."

वास चहाचा नव्हताच. तो खिडकीतून येत होता. खिडकीखाली गल्लीचा कोपरा होता आणि कोपऱ्यात नगरपालिकेची सिमेंटची गोल कुंडी. कुंडी म्हणायची ती आता नावालाच, कारण ती कचऱ्याखाली केव्हाच दिसेनाशी झाली होती. कचरा न्यायला नगरपालिकेची बैलगाडी होती. ती कधी यायची ते गाडीवान हरिबाला आणि त्याच्या बैलांनाच ठाऊक. आठवडा गेला की लोक वाट बघू लागायचे, आणि पंधरवडा गेला की वाट बघायचं सोडून द्यायचे.

मानसिंगराव फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. त्यांच्या घरात चपलासुद्धा फळीवर रांगेत उभ्या असत. असल्या माणसाच्या खिडकीखाली केळीच्या साली कशाही पडलेल्या असाव्यात, हे त्यांना खंदकातल्या चिखलापेक्षा जड जात होतं.

चंद्राबाईंची मात्र कुंडीबद्दल काही तक्रार नव्हती. त्यांना सकाळी वेळच नसे. स्नान, तुळशीला पाणी, देवपूजा, पोथीचा अध्याय, आणि मग गाईचा घास. लढाईच्या वर्षी त्यांचा मुलगा कृष्णात आघाडीवर होता आणि पत्र नाही की तार नाही, तेव्हा देवळातल्या पुराणिकबुवांनी त्यांना एक नेम सांगितला होता. चातुर्मासात रोज, दारी आपल्या पायांनी आलेल्या गाईला घास द्यायचा आणि मगच अन्न घ्यायचं. दावं बांधून आणलेली गाय चालायची नाही. आणि जेवताना मौन. कृष्णात धडधाकट परत आला, आता पठाणकोटला होता. पण आईनं नेम काही सोडला नाही. त्याच्या बराकीवरचं छप्पर आपल्या या नेमावर टेकलेलं आहे, असंच त्या धरून चालत.

नेम ऐकायला अवघड वाटे, पण तो एकदाही अडला नव्हता. दहाच्या सुमारास एक तांबूस गाय गल्लीत येई. तिचा मालक कोण, हे दूध काढायच्या वेळेखेरीज कुणाला कळत नसे. चंद्राबाईंनी तिचं नाव कपिला ठेवलं होतं. चपातीत गुळाचा खडा गुंडाळून त्या उंबऱ्यात उभ्या राहत आणि कपिला हजर होई. ती आधी कुंडीपाशी बराच वेळ थांबते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण देवळाला निघालेला माणूससुद्धा वाटेत चार ओळखीच्यांशी बोलतोच की, असं त्या मनाशी म्हणत.

चहा न पिता मानसिंगराव उठले. "आज ह्या कुंडीचा निकाल लावतो."

ते आरोग्य निरीक्षकांना भेटून आले. निरीक्षक म्हणाले, बघतो. दुसऱ्यांदा गेले. निरीक्षक म्हणाले, बघतोय. तिसऱ्यांदा निरीक्षक स्वतःच कुठं दिसेनात. तेव्हा सुभेदारांनी समोरच्या बादशहाभाईंच्या शिलाईच्या दुकानात बैठक घेतली.

"त्यांस्नी कचरा न्यायला सवड न्हाई ना? मग आपण पोचवू. उद्या सकाळी प्रत्येकानं आपली बादली घेऊन नगरपालिकेच्या दारात फॉलिन व्हायचं, एका रांगेत."

"आन् पुढं कोण चालायचं, सुभेदार?" बादशहाभाईंनी सुईत दोरा ओवत विचारलं. "मी गेलो तर म्हणतील, आधी तुझ्या दुकानातल्या चिंध्या उचल."

"वैनींना घ्या की पुढं," दारातून रंगुबाई म्हणाल्या. त्यांचे यजमान सोनं-चांदी गाळणाऱ्या विट्याकडच्या गलाईवाल्यांबरोबर मद्रासला असत, त्यामुळे घरात बोलायला कुणी नव्हतं आणि रंगुबाई ती कसर गल्लीत भरून काढत. "वैनींच्या तोंडाकडं बघून कोण न्हाई म्हणंल? मला बघितलं की साहेब मागच्या दारानं पळतील."

दुसऱ्या दिवशी गल्ली निघाली. सर्वांत पुढे डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू आणि हातात भोपळ्याच्या सालींची बादली घेतलेल्या चंद्राबाई. निरीक्षक नेमके पायरीवरच सापडले. घोषणा वगैरे द्यायचं ठरलं होतं, पण चंद्राबाईंनी बादली त्यांच्या पायाशी ठेवली आणि नैवेद्य दाखवावा तशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, एवढं घ्या. घरात ठेवायला जागा न्हाई."

निरीक्षकांनी मागची बादल्यांची रांग पाहिली आणि हात जोडले. "बाई, उद्यापासून गाडी रोज येईल. अगदी पहाटे. तुमच्या गल्लीपासूनच सुरुवात."

आणि नवल म्हणजे गाडी खरंच आली. उजाडायच्या आत हरिबानं कुंडी तळापर्यंत खरडून नेली. मानसिंगरावांनी खिडकी सताड उघडून दोन कप चहा घेतला. बादशहाभाईंनी त्यांच्या गळ्यात मापाच्या टेपाचाच हार घातला.

दहा वाजले. चंद्राबाई चपाती-गूळ घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. गल्ली आरशासारखी लख्ख होती. लांबपर्यंत दिसत होतं, आणि त्यात गाय दिसत नव्हती. अकरा झाले. त्यांनी नवऱ्याला वाढलं.

"तू न्हाई बसत?"

"कपिला यायचीय."

दुपार झाली. गुळाला मुंग्या लागल्या, तेव्हा रंगुबाई ओट्यावर आल्या.

"वैनी, कुणाची वाट बघताय?"

"कपिलेची. आज का आली न्हाई कळंना. आजारी असंल का?"

"आजारी कशानं पडतीय ती? आवं, तिचं जेवणाचं ताटच उचलून नेलंत की तुमी. आन् वर मोर्च्यात पुढं तुमीच होता."

चंद्राबाईंनी रिकाम्या कुंडीकडे पाहिलं. मग हातातल्या चपातीकडे. आणि त्या उंबऱ्यातच खाली बसल्या.

हे कळल्यावर मानसिंगराव ओट्यावर आले. "एक दिवस फळं खाऊन घे," ते म्हणाले.

"फळं बी अन्नच. तुमी काळजी करू नका, मला भूक न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. चंद्राबाई खोटं बोलत नसत, त्यामुळे एवढं एकच वाक्य म्हणायला त्यांना फार वेळ लागला.

सुभेदार तडक गवळ्याच्या गोठ्यावर गेले. तिथं म्हशीच म्हशी आणि कोपऱ्यात एकच गाय. बरीच मनधरणी करून ते तिला घेऊन निघाले, आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी तिचं दावं सोडलं.

"हां. आता इथनं आपल्या पायांनी जा."

गाय तिथंच बसली.

"उठ," सुभेदार म्हणाले. मग फौजेतल्या आवाजात म्हणाले. दुकानात बादशहाभाई ताडकन उभे राहिले. गाय उठली नाही. जरा वेळानं ती सावकाश उठली आणि आली त्या वाटेनं गोठ्याकडे निघाली.

"आली असती तरी चालली नसती," दारातून चंद्राबाई शांतपणे म्हणाल्या. "दावं सोडलं म्हणून काय झालं, आणलेलीच की ती."

त्या दिवशी चंद्राबाई उपाशीच निजल्या. पहाटे हरिबाची गाडी आली तेव्हा त्या दारात उभं राहून बैलांकडे बघत होत्या. दोघांतली एक तरी गाय असती तर, असा विचार मनात आला म्हणून त्यांनी लगेच देवाची क्षमा मागितली.

गाडी गेल्याबरोबर मानसिंगराव घराबाहेर पडले. त्यांनी रात्रभर विचार केला होता. गाय आणायची नाही, पण गाईला यावंसं तर वाटायला पाहिजे. त्यासाठी कुंडीत काहीतरी हवं, आणि कुंडी तर हरिबानं पुन्हा खरडून नेलेली. म्हणून ते मंडईत गेले. तिथं भाजीवाल्यांनी टाकलेला कोबीचा पाला, मुळ्याची पानं, नासकी केळी असं सगळं त्यांनी पोत्यात भरलं आणि पोतं खांद्यावर टाकून घराकडे निघाले. पोत्याला तळाशी भोक होतं. ते त्यांना दिसलं नाही, कारण सुभेदार चालताना मागं वळून बघत नसत.

गल्लीत येऊन त्यांनी कोपऱ्यापासून आपल्या दारापर्यंत पाला पसरायला सुरुवात केली. गुडघे टेकून, एकेक पान नीट अंतर ठेवून, एका रेषेत. निम्म्यावर आले तेव्हा समोर बुटांची एक जोडी दिसली. मग आणखी काही जोड्या.

"...आणि ही आपली आदर्श गल्ली," आरोग्य निरीक्षक सोबतच्या मंडळींना सांगत होते. ते दुसऱ्या पेठांतले चार प्रतिष्ठित लोक मुद्दाम दाखवायला घेऊन आले होते. "इथले रहिवासी स्वच्छतेबाबत इतके..." आणि त्यांची नजर खाली गेली.

सुभेदार उभे राहिले. हातात मुळ्याची पानं होती.

"सुभेदारसाहेब, परवा तुम्ही कचरा उचलायला सांगितलात."

"व्हय."

"आज बाहेरून आणून टाकताय."

"व्हय."

"एकदा काय ते ठरवा."

"साहेब, गायीचं काम हाय," एवढंच सुभेदारांना सुचलं.

"मंडईपासून इथपर्यंत सगळा रस्ता पाल्यानं भरलाय," प्रतिष्ठितांपैकी एक म्हणाले. "आम्हाला वाटलं कुणाची मिरवणूक गेली."

एवढ्यात ती मिरवणूक मागून आलीच. मंडईपासून पान न् पान टिपत, मान खाली घालून, कपिला गल्लीत शिरली. तिच्यामागे दोन शेळ्या. ती निरीक्षकांच्या बुटावरचं कोबीचं पान उचलून पुढं गेली आणि सुभेदारांनी आखलेल्या रेषेवरून अगदी बरोबर चंद्राबाईंच्या उंबऱ्याशी येऊन थांबली.

चंद्राबाईंनी तिच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि घास दिला. मग पदरानं डोळे पुसून निरीक्षकांना म्हणाल्या, "साहेब, आत या. चपाती खाऊन जावा."

निरीक्षकांनी खुलासा ऐकला. त्यांच्याही आईचा काही ना काही नेम असावा, कारण ते रागावले नाहीत. रस्ता साफ करायला हरिबाला परत बोलावलं. त्यानं पाला गाडीत भरला, तशी कपिला गाडीच्या मागं चालू लागली आणि तिनं मागून गाडीतच तोंड घातलं. चंद्राबाई ते बघत होत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "गाडी पहाटे नको. माझी पूजा झाल्यावर, दहाला येऊ द्या. गाडीमागनं गाय आपसूक येती. कचरा बी जाईल, आन् माझा नेम बी व्हईल."

"बरं," निरीक्षक म्हणाले. त्यांना त्या गल्लीतून एकदाचं बाहेर पडायचं होतं.

व्यवस्था सुरेख बसली. दहाला गाडी, गाडीमागं कपिला. गाडीनं आणलेली गाय आपल्या पायांनी आलेली म्हणायची का, एवढीच एक शंका चंद्राबाईंच्या मनात राहिली. हरिबाला चंद्राबाई चहा देत. चार-दोन दिवसांनी रंगुबाई म्हणाल्या, "एवढी गाय दारावरनं जाती, तर मी बी घास देते की. मद्रासला पुण्य पोचलं तर पोचलं." मग पलीकडच्या आळीतल्या बायका दारात उभ्या राहू लागल्या. मग पेठेतल्या. दहाला गल्लीत यायचं म्हणून गाडी आता आधी पेठेतून फिरत येई, आणि ती दर दाराला थांबू लागली. कुणी कपिलेचे पाय धुई, कुणी ओवाळी, कुणी प्रदक्षिणा घाली. जिथं गाईला चपाती तिथं गाडीवानाला चहा, हा रिवाजच पडला. हरिबाला घाई अशी कधी नव्हतीच. सकाळी निघालेली गाडी दुपारी पेठेतच असे, आणि दिवस मावळला की हरिबा बैल सोडी.

एके दिवशी गाडी गल्लीत आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कुंडी काठोकाठ भरली, मग काठ दिसेनासा झाला. पहिल्याच दिवशी मानसिंगरावांना बायकोचा घोर लागला होता. पण दहाच्या ठोक्याला त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर कुंडीपाशी कपिला उभी. दारोदारच्या चपाती-गुळाला ती कंटाळली असावी; गाडी सोडून, एकटी, आपल्या पायांनी आली होती आणि भोपळ्याच्या साली फार मनापासून खात होती. मग सवडीनं ती दाराशी आली.

कार्तिकी एकादशी आता तोंडावर आली होती. चंद्राबाई घास देऊन आत आल्या आणि पान वाढून बसल्या. मानसिंगराव समोर नाकाला रुमाल लावून बसले होते.

"अगं, एक कळत न्हाई," ते रुमालातून म्हणाले. "आपल्या गल्लीचं ठीक हाय. पण पार त्या पेठेतल्या बायकांस्नी गाईच्या घासाचं कुणी सांगितलं? रंगुबाई म्हणत हुती, देवळात कीर्तनाच्या आधी कुणीतरी सगळ्यांस्नी पुण्य समजावून सांगत हुतं. लय हळू आवाजात."

चंद्राबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि पानाकडे बघून जराशा हसल्या.

त्या जेवत होत्या. आणि जेवताना त्यांचं मौन असे.