भावपूर्ण विराम, गुण दोन

निवड हीच कलावंताची खरी साधना असते. आणि म्हणूनच ती कलावंताच्या हाती सोपवणं धोक्याचं असतं, हे जाणत्या संस्थांनी फार पूर्वीच ओळखलं आहे. नगर वाद्यवृंदात हार्पवर, म्हणजे त्या माणसाएवढ्या उभ्या तंतुवाद्यावर, काय वाजवायचं हे पाच जणांची समिती ठरवत असे. पाचांपैकी एकानंही हार्पला कधी हात लावला नव्हता. (एकानं लावला होता, टोपी अडकवताना.) त्यामुळे निर्णय अगदी निःपक्षपाती होत.

हार्पवालीची नेमणूक तीन वर्षांच्या बोलीवर होती. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी लोकांसमोर एक रचना वाजवायची आणि समितीनं गुण द्यायचे. साठ मिळाले तर नोकरी कायम. एकोणसाठ मिळाले तर हार्प संस्थेच्या गोदामात आणि हार्पवाली आईकडे. आईचं घर तसं प्रशस्त होतं. पण तिथं रोज संध्याकाळी ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ हे ऐकावं लागे, आणि त्यावर दाद मागायला कुठली समिती नव्हती.

रचना तिच्या मनात केव्हाच ठरली होती. दीड पानाची, संथ, तिला हार्प शिकवणाऱ्या बाईंनी दिलेली. बाई म्हणत, “हात सगळ्यात वाईट असेल त्या दिवशीही जे नीट वाजतं, ते तुझं.” बाईंचा अनुभव दांडगा होता, पण विहित नमुन्यात नव्हता.

समितीनं त्या रचनेला अवघडपणाचा निर्देशांक लावला. दर सेकंदाला पडणारे स्वर, अधिक तारांचे सूर बदलणाऱ्या पायाखालच्या सात पेडलांचे बदल, उणे चाल लक्षात राहण्याचा संभव. (चाल गुणगुणता आली तर सरसकट दहा गुण वजा. लोकांना आवडतं ते अवघड कसं असेल, हा त्यामागचा विचार.) बाईंच्या रचनेचा निर्देशांक उणे चार आला. अध्यक्ष मूळचे ढोलवाले, मनानं मऊ. ते म्हणाले की रचना गोड आहे, घरी वाजवायला संस्थेची हरकत नाही.

मग तिनं समितीला चालेल अशी एकोणीस पानांची रचना निवडली. निर्देशांक तीनशे वीस, त्यात पेडलांचे बदल तीनशे बारा. वरून पाहणाऱ्याला ती हार्प वाजवते आहे असं वाटे, खालून पाहणाऱ्याला सायकल. समिती पहिल्या रांगेत बसत असल्यानं तिला पाय उत्तम दिसत, आणि संगीताचं मूल्यमापन डोळ्यांना जितकं सोपं जातं तितकं कानांना जात नाही.

दरमहा कौशल्यविकास अहवाल द्यायचा होता. त्यात दहाही बोटांसाठी एकेक रकाना होता. हार्प वाजवताना करंगळी वापरत नाहीत, म्हणून तिनं पहिल्या महिन्यात करंगळ्यांपुढं ‘शून्य’ लिहिलं. आठवड्यात खुलासा मागवणारं पत्र आलं: दोन बोटं पूर्णवेळ हातावर असूनही काम का करत नाहीत? तिनं पुढच्या महिन्यात ‘प्रगती समाधानकारक’ लिहिलं, त्याच्या पुढच्या महिन्यात ‘उत्तम’. दुसऱ्या वर्षाअखेर वाद्यवृंदातली सर्वाधिक गुणवान बोटं म्हणून तिच्या करंगळ्यांचा वार्षिक अहवालात गौरव झाला. (बाकीच्या आठ बोटांनी मनाला लावून घेतलं नाही. त्यांना काम होतं.)

खरं मूल्यमापन ती राहत होती त्या घराच्या खालच्या मजल्यावर चालत असे. तिथं वजन-मापे खात्यातून निवृत्त झालेले काका राहत. वरून पेडलांचा धडधडाट सुरू झाला की ते झाडूच्या दांड्यानं छताला ठोकत. पहिल्या वर्षी सरासरी रोज चौतीस ठोके पडले. पण मापाची सवय लागलेला माणूस फार दिवस अंदाधुंद ठोकू शकत नाही. हळूहळू तिच्या लक्षात आलं की काका आवाजाला ठोकत नाहीत, चुकीला ठोकतात. दुसऱ्या वर्षी ठोके अकरावर आले. तिसऱ्या वर्षी एकच उरला: अकरावं पान, तिसरी ओळ. तिथं डाव्या पायाला एका दमात दोन पेडलं बदलायची असत आणि एक तार हमखास बेसूर बोले. ती चुके, थांबे, खालून ठक् होई, मग ती पुढं जाई. रियाजात तो ठोका इतका मुरला की तो रचनेतच आहे असं हातांनी धरून चाललं.

परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. खुर्च्या दोनशे चाळीस, माणसं दोनशे, आणि चाळीस पिशव्या, छत्र्या, स्वेटर. तिनं गळ घातली म्हणून काका इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी पंधरा मिनिटं आले. ज्या रिकाम्या खुर्चीपाशी जावं तिथं ‘कोणीतरी येतंय’ असं उत्तर मिळालं. (कोणीही आलं नाही.)

दहा पानं तिनं निर्धोक पार पाडली. अकराव्या पानाच्या तिसऱ्या ओळीवर ती चुकली, सवयीनं थांबली आणि ठोक्याची वाट पाहू लागली. ठोका आला नाही. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं. मग तिचं तिलाच भान आलं आणि ती पुढं गेली. शेवटी अठ्ठेचाळीस सेकंद टाळ्या पडल्या. गुणपत्रिकेत अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली होती: ‘पान अकरा, भावपूर्ण विराम, गुण दोन.’ एकूण एकसष्ट.

संध्याकाळी काका जिन्यात भेटले.

“काका, तुम्ही आला नाहीत?”

“आलो होतो. आत जागा नव्हती, दाराबाहेर उभा होतो. अकरावं पान, तिसरी ओळ.”

“मग ठोकलं का नाहीत?”

“झाडू घरी राहिला.”

तिनं त्यांना दोन गुणांची हकिकत सांगितली. काका एक पायरी उतरून थांबले.

“आमच्याकडे खोटं माप सापडलं की दंड व्हायचा, आणि तुमच्याकडे बक्षीस. चांगलं आहे खातं.” मग किल्ली शोधता शोधता म्हणाले, “अगं, इथं राहायला आलीस तेव्हा एक छोटंसं वाजवायचीस. ते का सोडलंस? त्याला मी एकदाही ठोकलं नव्हतं.”

तिनं आठवून पाहिलं. खरंच नव्हतं ठोकलं.

नियम असा आहे की कायम झालेल्या कलावंताची निवडही समितीकडे जाते, पण समिती ती वाचत नाही. येत्या रविवारच्या कार्यक्रमात तिनं बाईंची दीड पानाची रचना घातली आहे. कार्यक्रमपत्रिकेत तिला अर्धी ओळ मिळाली आहे. काका येणार आहेत, झाडू न आणता.

तुम्हीही येणार, यात शंका नाही. गेल्या खेपेला अठ्ठेचाळीस सेकंद टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्ही होताच, आणि तो विराम तुम्हालाही भावपूर्ण वाटला होता. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. फक्त शेजारच्या खुर्चीवरची ती पिशवी तेवढी मांडीवर घ्या.