काळकड्यावरचा लोखंडी रेडा

एका जंगलात, बाळांनो, वाघाला कुणी भीत नसे. सगळे भीत ते लोखंडी रेड्याला.

हा रेडा खरा नव्हे बरं. तो 'काळकडा' नावाच्या व्हिडिओ गेममधला. वडाच्या ढोलीत एक टीव्ही होता, त्यावर सगळे आळीपाळीने खेळत. रेड्याने एकदा शिंग मारलं की खेळणारा खलास. पडद्यावर लाल अक्षरं येत, 'मेलास.' मग पार खालच्या दीपमाळेपासून कडा पुन्हा चढायचा. वाटेत तीच भुतं, तेच खड्डे. वाघसुद्धा रोज मरे आणि नाक पुसत घरी जाई. त्याला कोण भिणार?

ज्याने रेडा मारला, त्याला वडाच्या पारावर बसायला मिळे. पारावरच्यांनी खालच्यांशी गप्पा मारायच्या नाहीत, अशी रीत होती. फक्त उपदेश करायचा.

धोंडबा साळिंदर आणि भिकोबा मुंगूस जुने दोस्त. धोंडबा कंद उकरी, खालचे किडे भिकोबा खाई, आणि दिवसभर दोघांची बडबड चाले. एक दिवस भिकोबाने रेडा मारला आणि तो पारावर जाऊन बसला. धोंडबाला कंद गोड लागेना.

"भिकू, अरे कसा मारलास? मला सांग की."

भिकोबाने आभाळाकडे पाहिलं. "खेळाला शरण जा," तो म्हणाला.

"शरणच जातोय रे. रोज मरतोय!"

पारावरचे वानरकाका हसले. "हल्लीच्या प्राण्यांना सगळं सोपं पाहिजे."

धोंडबा बिचारा खेळत राहिला. त्याचे पंजे जाड. उडीचं बटण दाबायला जाई, ढालीचं दाबलं जाई. एकदा ऐन लढाईत त्याच्या पाठीला खाज सुटली. दोन्ही पंजे मागे गेले. पडद्यावरचा त्याचा गडी कड्याच्या टोकाशी एका खांबाआड नुसता उभा. रेडा उधळत आला, खांबाशेजारून निसटला आणि थेट कड्याखाली गेला.

सोनेरी अक्षरं आली, 'जिंकलास.'

धोंडबा पाराकडे धावला. "मारला! म्हणजे... पडला. आपला आपणच पडला!"

पारावरच्यांनी घाईघाईने इकडेतिकडे पाहिलं.

"ओरडू नकोस," वानरकाका खाली वाकून म्हणाले. "आधी वर ये."

धोंडबा वर चढला. "पण काका, मी काहीच केलं नाही. पाठ खाजवत होतो."

"मी केळं सोलत होतो," काका पुटपुटले.

भिकोबा मान खाली घालून म्हणाला, "मला शिंक आली होती, धोंडू."

सगळ्या पाराचं तसंच निघालं.

"हे खाली कळलं तर पाराला काय किंमत राहील?" काका म्हणाले. "बोललास तर उतर. मग भिकूशी बोलणं पुन्हा बंद."

तेवढ्यात पारूबाई खार आली. रडून रडून डोळे सुजलेले. "धोंडबादादा, तुम्ही तरी सांगा हो. पिलं घरी उपाशी, आणि मी इथं मरतेय."

'त्या खांबाआड नुसत्या उभ्या राहा, बाई,' असं धोंडबाच्या अगदी जिभेवर आलं. त्याने शेजारी पाहिलं. भिकोबाने अंग चोरून त्याला जागा करून दिली होती. काटे टोचत होते, तरी तो सरकत नव्हता.

धोंडबाने घसा खाकरला.

"मनगट सैल ठेवा, पारूबाई," तो म्हणाला. "आणि श्वासाकडे लक्ष द्या."

पारूबाईने वाकून नमस्कार केला आणि ती पुन्हा मरायला गेली.

तात्पर्य : खूप कष्ट केले की यश मिळतं, बाळांनो. आणि यश आधीच मिळालं, तर कष्ट मागाहून सांगता येतात.