संवाद क्रमांक त्रेचाळीस

नारायण पेठेतील श्री. दीनानाथ खांबेटे यांनी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी स्पॅनिश शिकायचे ठरवले. त्यामागे हौस नव्हती, फॅशन नव्हती आणि डॉक्टरांनी मेंदूला व्यायाम सांगितला होता असेही नाही. त्यांची मुलगी ऋचा स्पेनमधल्या सारागोसा शहरात राहत होती, जावई तिथलाच होता आणि आठ वर्षांची नात लुसिया स्पॅनिशशिवाय दुसरे काही बोलत नव्हती. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबा आणि नात एकमेकांकडे बघून हात हलवत. पाच मिनिटांनी आजोबांचा हात भरून आला की फोन आजीकडे जाई आणि आजी हात हलवी. आता नाताळच्या सुट्टीत लुसिया एकटीच पंधरा दिवस पुण्याला येणार होती. इतके दिवस हात हलवणे दीनानाथांच्या खांद्याला झेपणारे नव्हते.

"मला तिच्याशी बोलायचंय," ते पत्नीला म्हणाले.

"काय बोलायचंय?" नंदाताईंनी विचारले.

"ते भाषा आल्यावर ठरवू."

घरापासून तीन इमारती सोडून 'विश्वभाषा संभाषण मंडळ' होते. तिथे उत्तरेश्वर सर गेली बावीस वर्षे केवळ संवादांतून स्पॅनिश शिकवत होते. व्याकरण वगैरे भानगड नाही. पिवळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तिकेत बेचाळीस संवाद छापलेले होते: स्टेशनवर, हॉटेलात, भाजीबाजारात, दातांच्या डॉक्टरकडे. प्रत्येक संवादात दोनच माणसे, 'अ' आणि 'ब'. 'अ' विचारणार, 'ब' उत्तर देणार. वर्गाच्या दारावर पाटी होती: 'वर्गात स्वतःची वाक्ये बोलू नयेत. इतरांचा गोंधळ होतो.'

"आपला हजेरी क्रमांक चौदा," सर नाव नोंदवताना म्हणाले. "सम क्रमांक. म्हणजे आपण ब."

"म्हणजे काय?"

"विषम क्रमांक अ, सम क्रमांक ब. आपण फक्त बची वाक्यं पाठ करायची. अची वाक्यं तेरा नंबर पाठ करतील."

"पण दोन्ही आलेली बरी नाहीत का?"

"दोन्ही बाजू एकट्यानं बोलायच्या असतील तर आपण कीर्तन शिका. हा संभाषणाचा वर्ग आहे."

दीनानाथांना हे पटले. एका सरकारी कार्यालयाच्या टपाल शाखेत त्यांनी चौतीस वर्षे काढली होती आणि पत्र आल्याशिवाय उत्तर पाठवल्याचा एकही प्रसंग त्यांच्या सेवापुस्तिकेत नव्हता. आपण जन्मजात 'ब' आहोत हे कुणीतरी प्रथमच अधिकृतपणे मान्य केले होते.

चार महिन्यांत त्यांनी बेचाळीसच्या बेचाळीस उत्तरे घोटून पाठ केली. सकाळी दात घासताना ते अस्खलित स्पॅनिशमध्ये आरशाला सांगत, की स्टेशन डावीकडच्या दुसऱ्या रस्त्यावर आहे. मंडईत द्वारकाबाईंच्या गाळ्यावर टोमॅटो निवडताना ते आधी स्पॅनिशमध्ये आणि मग अर्थासह मराठीत म्हणत, की क्षमस्व, शुक्रवारपर्यंत एकही खोली रिकामी नाही. द्वारकाबाई म्हणत, "मला खोली नकोय, काका. तुम्ही टोमॅटो दाबू नका फक्त."

अडचण वेगळीच उद्भवली. क्रमांक तेरा हा पुष्कर नावाचा आयटीतला मुलगा होता. त्याचा प्रोजेक्ट बदलला आणि तो बंगळुरूला निघून गेला. आता दीनानाथांना प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही आणि प्रश्न आल्याशिवाय उत्तर देण्याची तरतूद नव्हती. पूर्ण ऑगस्ट महिना ते वर्गात तोंड मिटून बसले. शेवटी त्यांनी भूमिकाबदलाचा अर्ज केला.

"अर्जाला तेरा नंबरांचं ना-हरकत पत्र लागेल," सर म्हणाले.

"ते तर निघून गेले."

"म्हणूनच तर त्यांची हरकत आहे की नाही, ते कळायला मार्ग नाही. शिवाय आपण अ झालात, तर आपल्याला उत्तर कोण देणार?"

दीनानाथांनी अर्ज परत घेतला. पण आवक-जावक सांभाळलेला माणूस इतक्या सहज हार मानत नाही. त्यांनी पुस्तिकेतल्या 'अ'च्या सगळ्या वाक्यांचे फोटो काढून ऋचाला पाठवले आणि कळवले, की लुसियाकडून ही तातडीने पाठ करून घ्यावीत.

"बाबा, तिला स्पॅनिश येतं!" ऋचा फोनवर म्हणाली. "ती तिथलीच आहे!"

"येत असेल गं. पण आमच्या पुस्तकातलं येत नाही ना."

पुढच्या रविवारपासून हात हलवणे बंद झाले. सारागोसातून एक चिमुरडी पुण्यातल्या आपल्या आजोबांना विचारू लागली, "स्टेशन कुठे आहे?" आजोबा कृतकृत्य होऊन डावीकडचा दुसरा रस्ता दाखवत. ती विचारी, "न्हाणीघर असलेली खोली मिळेल का?" आजोबा हात जोडून सांगत, की शुक्रवारपर्यंत नाही. लुसिया खुदुखुदु हसे. नंदाताई भाजी निवडता निवडता ऐकत आणि दीनानाथ त्यांना अर्थ सांगत.

"पोरीला खोली का देत नाही तुम्ही?" एकदा त्यांनी विचारले.

"पुस्तकात नाही."

"मग तिला कुठल्या स्टेशनला धाडता दर रविवारी?"

"तेही पुस्तकात नाही."

नोव्हेंबरात तोंडी परीक्षा झाली. तेरा नंबरची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून सरांनी मिगेल नावाच्या एका खऱ्या स्पॅनिश गृहस्थाला त्या खुर्चीवर बसवले. तो चाकणच्या एका कारखान्यात यंत्रे बसवायला आला होता आणि पाहुणा म्हणून आनंदाने वर्ग बघायला आला होता. त्याने पुस्तिका बाजूला ठेवली, दीनानाथांचा हात हातात घेतला आणि स्पॅनिशमध्ये विचारले, की आजोबा, या वयात हे शिकावंसं का वाटलं तुम्हाला?

दीनानाथांनी शब्द न् शब्द ओळखला. पण हे वाक्य बेचाळीसपैकी एकाही संवादात नव्हते. ते ताठ बसून राहिले. मिगेलने आणखी तीन-चार गोष्टी विचारल्या. दीनानाथ ढळले नाहीत.

निकाल फळ्याशेजारी लागला. मिगेलला चाळीसपैकी अकरा गुण मिळाले. 'उच्चार समाधानकारक, पाठांतर कच्चे,' असा शेरा होता आणि त्याला मंगळवारच्या प्राथमिक तुकडीत बसण्याचा सल्ला देण्यात आला. दीनानाथांना चाळीसपैकी चाळीस मिळाले, कारण अभ्यासक्रमाबाहेरच्या एकाही प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नव्हते. त्यांच्या संभाषणकौशल्याचे प्रमाणपत्र लॅमिनेट करून टीव्हीच्या वर टांगण्यात आले. मिगेल, बिचारा, खरोखरच मंगळवारी येऊ लागला.

वीस डिसेंबरला लुसिया आली. सकाळी दहाला आजोबा आणि नात समोरासमोर बसले आणि स्टेशनपासून सुरुवात झाली. दोघांनी एकही चूक केली नाही. नंदाताईंनी शेजारणीला बोलावून ऐकवले. दातांचा डॉक्टर जेवणाआधी झाला, हरवलेली छत्री जेवणानंतर सापडली आणि दुपारच्या चहापर्यंत बेचाळीसही संवाद संपले. पंधरापैकी अजून सव्वाचौदा दिवस शिल्लक होते.

लुसियाने पाय वर घेतले, गुडघ्यांवर हनुवटी टेकली आणि स्वतःचा प्रश्न विचारला.

"आबुएलो, आ ती के ते दा मिएदो?"

आजोबा, तुम्हाला कशाची भीती वाटते?

दीनानाथांनी मनातल्या मनात पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. मग घाम पुसून म्हणाले, की क्षमस्व, शुक्रवारपर्यंत एकही खोली रिकामी नाही. या वेळी लुसिया हसली नाही. तिने मान डोलावली आणि उठून खिडकीशी गेली. दीनानाथांनी पायात चपला सरकवल्या आणि तडक मंडळ गाठले.

"सर, त्रेचाळिसावा संवाद हवा. आजोबा आणि नात. तातडीनं."

उत्तरेश्वर सरांनी चष्मा काढला. "मागणी रास्त आहे. आजोबा काय उत्तर देतात ते आपण मराठीत लिहून आणा. मी स्पॅनिश करून देतो, मंडळाच्या समितीपुढे ठेवतो."

"एवढंच?"

"एवढंच. स्पॅनिशचं काम माझं. मराठी तर आपल्याला येतंच."

घरी येऊन दीनानाथांनी कागद पुढे ओढला, वर तारीख घातली, विषय लिहिला: 'मला कशाची भीती वाटते याबाबत.' पुढे पेन हलेना. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. चौतीस वर्षे त्यांनी हजारो उत्तरे धाडली होती, पण हा प्रश्न मराठीतसुद्धा त्यांना कोणी विचारला नव्हता आणि त्यांनीही कोणाला विचारला नव्हता. मग त्यांनी नमुना म्हणून दुसऱ्याचे उत्तर बघायचे ठरवले.

"नंदा," ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "तुला कशाची भीती वाटते गं?"

नंदाताई वळल्या. चाळीस वर्षांच्या संसारात ऐकलेले सगळे त्यांनी आठवून बघितले असावे. मग त्या म्हणाल्या, "चहा टाकू?"

"चालेल."

"साखर?"

"नको."

तेवढ्यात दीनानाथांचे लक्ष लुसियाकडे गेले. ती ओट्याजवळच्या स्टुलावर बसली होती, मांडीवर वही होती, आणि 'चहा टाकू' पासून 'नको' पर्यंत तिचे ओठ त्यांच्या बरोबरीने हलत होते. तिने त्यांची नजर ओळखून वही पुढे केली. रोमन लिपीत, वळणदार अक्षरांत लिहिले होते: 'संवाद एक. आजोबा आणि लोक.' अ: काय म्हणताय? ब: चाललंय. अ: बाकी? ब: बाकी निवांत. अ: थंडी पडली यंदा. ब: पडली खरी. अ: या एकदा घरी. ब: येऊ की. दुसऱ्या पानावर होते: 'संवाद दोन. आजोबा आणि आजी.' हा संवाद 'चहा टाकू, चालेल, साखर, नको' इथे संपत होता. तिसरे पान कोरे होते.

"दोन झाले?" नंदाताई चष्मा लावून वाचत म्हणाल्या. "मला वाटलं होतं, एकातच भागेल."

त्या दिवसापासून लुसिया वही खिशात ठेवून पेठेत हिंडू लागली आणि तिचे मराठी कुठेही अडले नाही. वाण्याकडे, वाचनालयात, जिन्यात, देवळाबाहेर ती पंधरा-पंधरा मिनिटे गप्पा मारी. "तिकडे वाढलेली पोर, पण मराठी काय स्वच्छ!" लोक दीनानाथांना थांबवून सांगत. "इथल्या मुलांना येत नाही हो असं बोलता." मंडईत द्वारकाबाईंनी तर तिच्या हातावर दोन पेरू ठेवले. "आजोबांपेक्षा बरं बोलते," त्या म्हणाल्या. "खोलीचं नाव काढत नाही."

निघायच्या आदल्या दिवशी दीनानाथांचा कागद अखेर भरला. त्यावर एकच वाक्य होते: 'तू गेल्यावर मी पुन्हा हात हलवत बसेन, याची मला भीती वाटते.' समितीने तो त्याच दिवशी परत केला. 'भीतीचा अंतर्भाव दातांच्या डॉक्टरच्या संवादात अगोदरच आहे. पुनरुक्ती टाळावी.'

विमानतळाच्या दाराशी लुसियाने बॅग खाली ठेवली. आजोबांचा चेहरा तिने नीट बघितला असावा, कारण तिने त्यांना येण्याजोगा प्रश्न विचारला. "न्हाणीघर असलेली खोली मिळेल का?"

दीनानाथांनी तोंड उघडले. 'क्षमस्व' ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले.

"सी," ते म्हणाले. "आय."

हो. आहे. पुस्तकातल्या उत्तराच्या हे अगदी उलट होते आणि परीक्षेत याला शून्य मिळाले असते. लुसियाने त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. नंदाताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि घरी गेल्यावर चहाचे विचारायचे विसरल्या.

लुसियाची वही आता सारागोसात आहे. पंधरा दिवसांत ती पुण्यात चौसष्ट माणसांशी बोलली. हिला मराठीतली जेमतेम बारा वाक्ये येतात, असा संशय त्यांतल्या एकालाही आला नाही. वहीच्या मागच्या पानांवर तिने त्या माणसांची यादी केली आहे, त्यात बावन्नाव्या क्रमांकावर तुम्ही आहात. आठवत नसेल तर सांगतो: मंडईच्या कोपऱ्यावर, हातात पिशवी होती तुमच्या, घाईत होता. तिने विचारले, काय म्हणताय? तुम्ही म्हणालात, चाललंय. तिने विचारले, बाकी? तुम्ही म्हणालात, बाकी निवांत. मग तुम्हीच म्हणालात, ये एकदा घरी. ती म्हणाली, येऊ की, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच आंघोळ करून, नवा फ्रॉक घालून निघाली होती. पण वही उघडून बघितली, तर संवाद तिथेच संपला होता. पत्ता त्यात नव्हता.