सातव्या पेराहून उशिरा गेलेल्या उत्तराची हकिकत

श्री. जे अंधारात रुजते आणि उजेडाकडे वळते त्यास नमन. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, श्रावण वद्य द्वितीयेचे सकाळी केसोपंतांस ते पत्र पुन्हा आठवले, ज्याचे उत्तर त्यांनी एकवीस दिवस दिले नव्हते. राज्य म्हणजे हातभर उंचीचे तुरीचे झाड; वर शेंडा महाराज, तळी मुळांचा प्रांत, मध्ये पेरोपेरी चौक्या, आणि सातव्या पेराच्या चौकीवर केसोपंत कारकून, वयाने वृद्ध, ग्रंथ बहुत वाचलेले आणि जितके वाचले तितके गोंधळलेले. पत्र राधाऊबाईंचे होते. बाई त्याच चौकीच्या पानाच्या बगलेत राहत, म्हणजे डोळा, न उगवलेली फांदी, इवली पाने अंगाशी घडी करून बसलेली. त्यांनी लिहिले होते की शेजारचा जोंधळा दररोज बोटभर चढतो आहे, त्याची सावली आमच्यावर पडली म्हणजे मग उठणे होणार नाही, तरी उठावे की बसावे ते एका शब्दाने कळवावे. पंत आणि बाई यांत अंतर अर्ध्या बोटाचे, परंतु पंत भिडस्त, समोर बोलणे होईना, म्हणून सर्व व्यवहार पत्रावर चाले, आणि तोही एकाच बाजूने.

उत्तर राहिले त्याचे कारण दरबारचा रिवाज. शेंड्याकडून अष्टौप्रहर हुकूम उतरत असे, ज्यास शाळेच्या पुस्तकांत ऑक्झिन म्हणतात, आणि प्रत्येक चौकीने तो वरून घ्यावा व खाली द्यावा, उलटा जाऊ देऊ नये आणि उघडून पाहू नये. हुकूम वाहतो आहे तोवर बगलेतल्यांनी बसून राहावे, असा अर्थ सर्वांनी धरला होता, आणि तो प्रथम कोणी सांगितला हे कोणास ठाऊक नव्हते. पंतांनी ग्रंथ काढून पाहिले, तर त्यांत असे निघाले की याच हुकुमाने खोड लांबते आणि तोच जास्त झाला तर मूळ आखडते, आणि तोच सावलीच्या बाजूस साठला तर ती बाजू लांबून अवघे राज्य उजेडाकडे झुकते. मग पंतांस प्रश्न पडला की अर्थ हुकुमात आहे की घेणाऱ्यात. आणि मुळांकडून जलवाहिनीने निराळाच निरोप वर येई, ज्यास सायटोकायनिन म्हणतात, त्याचा सूर 'उठा, नवे घडवा' असा. पंत दोन्ही कागद समोर ठेवून बसत आणि इतक्यात दिवस मावळे.

मग द्वितीयेच्या त्याच सकाळी आभाळातून दोन बोटे उतरली आणि शेंडा महाराज आठव्या पेरासकट खुडले गेले. तुरीचा शेंडा खुडला म्हणजे फांद्या फुटतात हे शेताच्या धनिणीस ठाऊक होते. राज्यात ते कोणास ठाऊक नव्हते. एकच हलकल्लोळ जाहला. जलवाहिनी नेहमीप्रमाणे पाणी वर नेई आणि ते जखमेवर थेंब होऊन उभे राही. भोवतालच्या ऊती खपली धरण्यास धावल्या. सहाव्या पेराहून विचारणा आली की आज हुकूम का पातळ उतरतो. आणि चौकीचे सर्व लोक पंतांकडे पाहू लागले, कारण त्यांच्यावर आता कोणी उरले नव्हते. आणि पंतांनी मागे वळून पाहिले की हे कोणाकडे पाहतात. इतक्यात रसवाहिनीचा हमाल सुभानजी साखरेचे पोते घेऊन आला, जे तो रोज पानांकडून शेंड्यास पोचवी.

"पंत, वर घेणारे कोणी नाही. पोते कुठे उतरू?"

"रिवाजाप्रमाणे वरच."

"वर आता आभाळ आहे, पंत."

पंत म्हणाले की चौकशी चालू आहे. त्यावर बगलेतून राधाऊबाई प्रथमच तोंडाने बोलल्या.

"अर्ध्या बोटावर बसून एकवीस दिवस चौकशीच चालू आहे. आता कोणाची वाट पाहता?"

पंतांनी पुन्हा ग्रंथ काढले. असे तीन दिवस गेले, जोंधळ्याची सावली बाईंच्या पानाच्या टोकास टेकली, आणि हुकूम आटत आटत अखेरचा एक पंतांच्या हाती राहिला. पंचमीस त्यांनी जन्मात प्रथमच तो उघडला. आत 'बसा' असे कोठेच नव्हते. इतकेच होते की 'आम्ही वर आहो'. मग बाईंस इतके दिवस कोणी बसविले? पंत एकेकाचे नाव आठवू लागले, आणि त्यात त्यांचे स्वतःचेही निघाले.

आणखी एक नवल जाहले. शेंड्याचा हुकूम वाहता असता चौकीची शाई थिजलेली असे, ती आता आपोआप पातळ झाली. 'उठा' हा निरोप मुळांनीच लिहावा असे पंत समजत आले होते. पेरासही तो आपल्या शाईने लिहिता येतो हे त्यांस या वयात कळले. तरी शंका सुटेना. बाई उठल्या तर उद्या त्याच शेंडा होतील, त्यांचेही 'आम्ही वर आहो' खाली उतरेल, आणि खालच्या बगलांतल्या पुन्हा बसतील. तेव्हा हे बरे की वाईट? पंतांनी 'आज्ञेवरून' असे लिहिले आणि खोडले, कारण आज्ञा नव्हती. 'शास्त्राधारे' लिहिले आणि तेही खोडले, कारण शास्त्र त्यांस नीट कळले नव्हते. शेवटी उरले ते असे: 'आम्हांस खात्री नाही. उशीर आमचा. उठावे.'

मग पंत स्वतः उठले आणि पत्र सुभानजीच्या पोत्यावर ठेवून, मान खाली घालून म्हणाले, "हे आणि पोते, दोन्ही बाईंकडे."

एकूण वर्तमान येणेप्रमाणे. शेंडा द्वितीयेस खुडला गेला, हुकूम पंचमीस सरला, पुढे राज्य कोणाचे हे लिहिणारास ठाऊक नाही. सातव्या पेराचे उत्तर, ओळी तीन, श्रावण वद्य पंचमीस, प्रहर दिवस चढता, रवाना जाहले.