साडूंच्या गाडीचे पोपडे

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. महिन्याचा पहिला रविवार होता आणि सासऱ्यांच्या अंगणात, हिरव्या फाटकाच्या आत, एक जुनी लाल स्पोर्ट्स कार बॉनेट उघडून उभी होती. एका बाजूला मोठे जावई, दुसऱ्या बाजूला धाकटे जावई आणि मधे सासरे, चष्मा कपाळावर चढवून इंजिनात डोकावत. इंजिनाच्या डोक्यावर जे लांबट झाकण असतं, त्याचा लाल रंग पुन्हा सुटला होता. सासऱ्यांनी नखाने एक पोपडा उचलला आणि तळहातावर ठेवून दोघांपुढे धरला.

"काय हो जावईबापू, हा कुणाच्या महिन्यातला?"

दोन्ही जावयांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

गाडी दोन माणसांची आणि जावईही दोन. सासूबाई गेल्या त्या वर्षी सासऱ्यांनी ती दोघांना मिळून दिली होती. एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. हवाली करायची ती याच अंगणात, त्यांच्यादेखत, आणि येताना बायकांना घेऊन यायचं. एक जोडपं गाडीतून येई, दुसरं बसने. संध्याकाळी परतताना उलट. अट एकच होती: भांडण विकोपाला गेलं, तर गाडी विकून टाकायची.

मोठे जावई दातांचे डॉक्टर होते आणि धाकट्यांची लाँड्री होती. दोघेही आपापल्या कामात चोख. बिघडलं होतं ते फक्त या झाकणाच्या बाबतीत.

"साडूभाऊ, तुम्हाला दिसेल ते धुवायची सवय," डॉक्टर म्हणाले. "तापलेल्या इंजिनावर गार पाणी सोडलंत, तर रंग राहील का?"

"आणि तुम्ही गाडी हाकता की दाढ उपटता?" लाँड्रीवाले म्हणाले. "गिअर असा ओढता की इंजिन चुलीसारखं तापतं. रंग भाजून निघतो तो तिथेच."

मागच्या दाराच्या पायरीवर दोघी बहिणी मटार सोलत बसल्या होत्या. थोरलीच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, धाकटीच्या मागे दुकानाचा आणि दिरांचा रगाडा. बहिणीला भेटून येते म्हटलं तर घरच्यांच्या कपाळावर आठी पडे. गाडी पोचवायला जायचंय म्हटलं की ते महत्त्वाचं काम ठरे. महिन्याकाठी एवढा एकच दिवस त्यांच्या हक्काचा होता. त्यामुळे पायरीवर बोलणं अखंड चाले आणि मटार फार सावकाश सोलले जात.

"तुझा नवरा फारच बोलतो हं आज," थोरली म्हणाली.

"भाऊजी तरी कुठे कमी आहेत? बोलू देत गं, ताई. जितकं बोलतील तितकं जेवण लांबेल."

पण आरोप कुणालाच नको असतो. पुढच्या हवालीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आपल्या गॅरेजात बॉनेट उघडलं, तर झाकणाच्या कोपऱ्याला पोपडे. त्यांनी गुपचूप लाल रंगाचा डबा आणला आणि ब्रश चालवायला घेतला.

"अहो, आधी ते तेल तरी पुसून घ्या," थोरली म्हणाली.

"वेळ कुठाय? वरून दिसणार नाही."

हेच डॉक्टर दवाखान्यात रोज सांगत, की कीड काढल्याशिवाय दात बुजवायचा नसतो.

त्यापुढच्या महिन्यात लाँड्रीवाल्यांनी तेच केलं. डाग तसाच ठेवून कापड रंगवलं तर रंग धरत नाही, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. पण समोर रविवार उभा होता. प्रत्येकाला वाटे, साडू गाडीची नासधूस करतो आणि आपण बिचारे ती झाकून नेतो. एकाचा लाल जरा जांभळ्याकडे झुके, दुसऱ्याचा केशरीकडे. खालून तेल झिरपतच होतं. इंजिन तापलं की झाकण फुगे, गार झालं की आकसे. जाड रंगाला त्या मानाने हलता येईना. पूर्वी पोपडे नखाएवढे निघत, आता बशीच्या काठासारखे निघू लागले.

असं होता होता एका रविवारी लाँड्रीवाले आणि धाकटी गाडीतून येत असताना एक भला मोठा पोपडा सुटला आणि खालच्या तापलेल्या धुराच्या नळीवर जाऊन पडला. बॉनेटमधून धूर निघाला. चौकात लोक जमले, एका भल्या माणसाने बादलीभर पाणी आणून ओतलं आणि गाडी बंद पडली. शेवटी ती ढकलत अंगणात आली. पुढे धाकटी, चपला हातात घेऊन, आणि मागे घामाघूम लाँड्रीवाले.

"मी गेल्या महिन्यात चांगली धडधाकट दिली होती," डॉक्टर म्हणाले.

एवढं पुरेसं होतं. दोघांनी एकमेकांची सगळी उणीदुणी काढली, लग्नातल्या मानपानापर्यंत जाऊन आले आणि एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं: गाडी विकायची.

"ठीक आहे," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "अट तुम्हाला माहीत होती."

पायरीवर मटार सोलणं थांबलं. थोरली उठून अंगणात आली.

"विकायची तर विका. पण आधी ते झाकण खरवडून साफ करा. असल्या गाडीला भंगारवालासुद्धा हात लावायचा नाही."

डॉक्टरांची बॅग त्यांच्याबरोबर असेच. त्यांनी दात खरवडायचं बारीक हत्यार काढलं, झाकण काढून ओट्यावर ठेवलं आणि खाली वाकले. केशरी लाल थर सुटला. त्याखाली जांभळट लाल.

"हा माझा," डॉक्टर नकळत बोलून गेले.

"तुमचा म्हणजे?"

"म्हणजे... एकदा जरासा हात फिरवला होता. पण मग वरचा हा केशरी कुणाचा?"

लाँड्रीवाल्यांनी खोकून घेतलं. "आता तुम्ही फिरवलात, म्हटल्यावर मी काही मागे राहणार होतो का?"

डॉक्टर खरवडत राहिले. केशरी, जांभळट, केशरी, जांभळट. दोघे आता खांद्याला खांदा लावून वाकले होते आणि आपापला थर ओळखत होते. मग मूळचा लाल आला. आणि त्याच्या खाली हिरवा.

"हा काही माझा नाही," डॉक्टर म्हणाले.

"माझाही नाही."

दोघांनी मान वर केली. समोर फाटक होतं. सासरे चष्म्याची काच पुसू लागले.

"बाबा," धाकटी म्हणाली, "हा आपल्या फाटकाचा रंग."

"उरला होता. टाकून द्यायचा का? खाली अस्तर म्हणून लावला, वर लाल."

"आणि लावायच्या आधी झाकण धुतलं होतंत? तेलावर रंग टिकत नाही," लाँड्रीवाले म्हणाले.

"धूत बसलो असतो तर गिऱ्हाईक निघून गेलं असतं." सासरे थांबले. "ते तसंही गेलंच. बॉनेट उघडून हसला मेला."

हिरव्याखाली नुसता धातू होता, चांदीसारखा. त्यावर कारखान्याची खूण कोरलेली होती. या झाकणाला कारखान्यातून रंग कधी लागलाच नव्हता. दोन शहाणी माणसं दोन वर्षं जो रंग वाचवायला भांडली, तो मुळात तिथे असायलाच नको होता.

"म्हणजे गाडी विकली गेली नाही म्हणून आमच्या गळ्यात मारलीत," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"मग एकाच्याच गळ्यात का नाही मारलीत, बाबा?" थोरलीने विचारलं.

सासऱ्यांनी चष्मा लावला. "एकाच्या मारली असती, तर एकच मुलगी आली असती."

मग लाँड्रीवाले हळूच हसले, त्यांच्या मागून डॉक्टर, आणि विकायची गोष्ट तिथेच मिटली. दोघांनी मिळून झाकण रॉकेलने धुतलं, पॉलिशपेपरने घासलं. ते आरशासारखं झालं.

पण खरी पंचाईत पुढेच होती. झाकणाला रंगच नाही म्हटल्यावर पोपडे नाहीत, आणि पोपडे नाहीत म्हटल्यावर हवाली करायला कितीसा वेळ लागतो? सासरे बॉनेटमध्ये बघत, "छान" म्हणत आणि संपलं. काही महिन्यांनी डॉक्टर जेवता जेवता म्हणाले, "साडूभाऊ, पुढच्या वेळेपासून आपण अर्ध्या वाटेवर पेट्रोल पंपावरच भेटू. तुमचा पण वेळ वाचेल."

"मी तेच म्हणणार होतो. बायकांचीही दगदग नको."

सासऱ्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

जेवणानंतर जावई आतल्या खोलीत आडवे झाले. बहिणी मागच्या पडवीत गेल्या. फळीवर लाल रंगाचा जुना डबा होता. इतक्या वर्षांत ब्रश वाळून कडक व्हायला हवा होता. तो मऊ धुऊन डब्यावर आडवा ठेवलेला होता. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. बाबा तर समोरच आरामखुर्चीत, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपले होते.

"आधी पुसून घेऊ का?" बॉनेटपाशी धाकटी कुजबुजली.

"वेडी आहेस का? तुझा नवरा तेव्हा म्हणाला ते ऐकलं नाहीस? तेलावर रंग टिकत नाही. स्वयंपाकघरातून गोडं तेल आण."

त्यांनी झाकणाला आधी तेलाचा हात फिरवला आणि मग वर लाल रंग दिला, सढळ हाताने.

पंधरा दिवसांतच डॉक्टरांचा लाँड्रीत फोन आला. "साडूभाऊ, शेवटी राहवलं नाही ना तुम्हाला? परत रंगवलंत? पोपडे निघतायत."

"मी? तुम्हीच रंगवलं असणार. आता पंपावर वगैरे काही नाही. बाबांसमोरच निकाल लागू दे."

निकाल कधी लागला नाही. सासरे पुढे नऊ वर्षं जगले आणि प्रत्येक पहिल्या रविवारी पोपडा तळहातावर घेऊन "विचार करावा लागेल" एवढंच म्हणाले. डॉक्टरांचा हात वयाने थरथरायला लागल्यावर त्यांनी दवाखाना बंद केला. साडूनेच आपल्याला आयुष्यभर छळलं, हे ते शेवटपर्यंत प्रेमाने सांगत. गाडी आता चालत नाही, त्याच अंगणात ताडपत्रीखाली आहे. घर दोघी बहिणींनी ठेवलं आणि म्हातारपणी त्या तिथेच राहायला आल्या. मटार अजून सावकाशच सोलतात.

लाँड्रीवाले मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांचं कपाट आवरताना धाकटीला तळाशी स्वतःचा एक जुना ब्लाउज सापडला. झाकण रंगवलं त्या दुपारी बाहीवर लाल रंग सांडला होता, खाली गोड्या तेलाचा डाग होता, म्हणून तिने तो ट्रंकेत अगदी खाली दडवला होता आणि पुढे विसरून गेली होती. आता बाही स्वच्छ होती. रंगाचा मागमूस नव्हता, तेलाचा तर नव्हताच. ब्लाउज इस्त्री करून, लाँड्रीची घडी घालून, कागदात गुंडाळून ठेवलेला होता.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तरीही ते दर महिन्याला न चुकता भांडायला येत राहिले.