मखमलचं बिनबाळाचं डोहाळजेवण

एका जंगलात, बाळांनो, सशांची वस्ती होती. तिथे गप्पांचे विषय दोनच. कुणाला दिवस गेले आणि कोण अंगानं सुटली.

मखमल नावाची सशीण दोन्ही विषयांत सापडली. पोट पुढे आलेलं. पाळी महिनोन्महिने रुसलेली. मिशा सगळ्याच सशांना असतात, पण हिला दाढीही फुटू लागली होती. "काय होतंय मला?" या काळजीनं तिची झोप उडाली.

शेजारच्या गाजरेकाकूंनी मात्र लगेच ओळखलं.

"लपवतेस काय गं? पोटच बोलतंय!"

"काही नाही हो काकू. एक वेळ जेवते तरी वाढतेय."

"पहिलटकरणी असंच म्हणतात."

अफवा हा असा माल आहे, मुलांनो, की त्याला जकात नाही आणि एकदा विकला की परत घेत नाहीत. संध्याकाळी वस्तीनं डोहाळजेवण ठरवून टाकलं.

मखमलला हिरवा पाला नेसवला. फांदीला टांगलेल्या झोपाळ्यावर बसवलं. एकीनं बर्फी भरवली, दुसरीनं पेढा, तिसरीनं मधात बुडवलेलं रताळं. "दोन जिवांची आहेस, खा!" मखमल रडवेली होऊन खात राहिली.

कडाड्! झोपाळा तुटला.

त्या झाडावर डॉक्टर सुतारीणबाईंचा दवाखाना होता. त्या तणतणत खाली आल्या. मखमलच्या पोटावर त्यांनी चोच वाजवली. टक्, टक्.

"आत कुणी नाही," त्या म्हणाल्या.

"अगंबाई!" सगळ्या एकदम म्हणाल्या.

सुतारीणबाईंनी रक्त तपासलं आणि मखमलला जवळ बसवलं. "हे बघ पोरी. खाल्लेल्याची साखर होते. इन्सुलिन नावाचा हमाल ती घेऊन पेशींच्या दारोदार हाका मारतो, 'ताई, माल आलाय!' तुझ्या पेशी जरा कमी ऐकतात. मग शरीर आणखी हमाल धाडतं. माल चरबीच्या गोदामात जातो, आणि एवढ्या आरडाओरड्यात बीजकोशांचं वेळापत्रक बिघडतं. म्हणून पाळी येत नाही, आणि म्हणूनच दाढी येते."

"म्हणजे मी आळशी म्हणून जाड नाही?"

"छे गं."

मखमल पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

सुतारीणबाईंनी आठवड्याला एक सुई दिली. "भूक कमी होईल, मळमळेल. खाणं सांभाळ, चालत राहा. पिल्लं हवीत असं वाटलं की आधी मला विचार, सुई थांबवावी लागेल."

मळमळलं खरं. पण पोट हळूहळू उतरलं. आणि एका सकाळी मखमल टुणटुण उड्या मारत सुटली.

"काय गं, गोड बातमी?" गाजरेकाकूंनी कान टवकारले.

"काकू, पाळी आली!"

काकूंचे कान पडले. "म्हणजे बातमी काहीच नाही."

"अहो, हीच तर बातमी!"

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बारीक बरी झालीस. कशानं?"

"औषधानं."

"मग ते जमेस धरत नाहीत," काकू म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या.

मखमलनं खांदे उडवले आणि पुढच्या घरी सांगायला पळाली.

तात्पर्य: बाईनं आजारी पडावं ते शेजारणींच्या सल्ल्यानं आणि बरं व्हावं ते आपलीच चूक होती असं कबूल करून. नुसतं औषध घेऊन बरं होणं ही शुद्ध लबाडी आहे.