हसुभाऊंचा पिळ्या

वीज गेली की अख्खं पेण मोबाइलची बॅटरी लावतं. आमच्या वरच्या मजल्यावरचे हसुभाऊ सायकलचं पायडल लावायचे. ते पायडल पंपाच्या चाकाला बसवून, स्टुलावर बसून, वीज येईपर्यंत हातानं फिरवत राहायचे. टाकीतल्या माशाचं पाणी थांबता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

पंप त्यांनी घरीच बनवला होता. भंगारातली वायपरची मोटर, जुन्या बॅगेची तीन चाकं आणि सलाइनची असते तशी मऊ नळी. चाकं फिरत फिरत नळी दाबायची आणि आतलं पाणी पुढं सरकायचं. त्याचं नाव ठेवलं होतं पिळ्या. म्हस पिळतात तसा पाणी पिळतो म्हणून.

बाजारातले पंप खाऱ्या पाण्यानं आधीच खाल्ले होते. भाऊ मिठागरावरच्या घरातले, पुढं रोह्याला एका कंपनीत ऑपरेटर झालेले. "खारं पानी लोखंड खातंय," ते सांगायचे. "पिळ्यात पानी लोखंडाला शिवतच नाय. आमच्या कंपनीत असाच होता." कंपनीत असंच होतं, हे त्यांचं पालुपद. चहात साखर कमी पडली तरी कंपनीतला चहा निघायचा.

पाणी ते धरमतरहून कॅनमध्ये भरून एसटीनं आणायचे. कंडक्टरनं विचारलं, यात काय, तर म्हणायचे, "खाडी हाय. हाफ तिकीट द्या."

एकदा पिळ्याची नळी सुटली आणि पाणी माझ्या भिंतीवरून उतरलं. तिथं माझ्या बी. ए.ची फ्रेम आहे. आमच्या घराण्यातली पहिली, म्हणून देवांच्या शेजारी लावलेली. मी तणतणत वर गेलो.

"काय ग्रॅज्युएट, पदवी पुसली काय?" भाऊ म्हणाले. "धर ही नळी."

मी धरली. तेव्हापासून धरतच होतो.

टाकीत मासा एकच, जिताडा. तो शोभेचा नव्हे, खायचा. आमच्या खारपट्टीत जिताडा तळ्यात वाढवतात तो दोघांसाठी, जावयासाठी आणि साहेबासाठी. जावयाला घरात बसवून वाढतात. साहेबाला दारात नेऊन देतात, काम काढून घ्यायला.

रेखा ही भाऊंची एकुलती मुलगी. तिनं रोह्याच्या बाजूच्या भातशेतीवाल्या घरातला मुलगा स्वतःच पसंत केला, तेव्हा भाऊ चारचौघांत बोलून गेले, "त्याला माझ्या घरचा जिताडा मिळायचा नाय." आमच्याकडं यापुढं बोलायला काही उरत नाही. रेखानं लग्न केलं. पुढं तिची आई, आमच्या काकू, वारल्या तेव्हा ती आली. जावई दिवसभर खाली रस्त्यावर मोटरसायकलपाशी उभा होता. त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही, आणि भाऊंनी त्याला वर बोलावलं नाही.

त्यानंतर भाऊंनी भावाच्या तळ्यातून बोटभर जिताडा आणला.

मासा वाढत गेला. मी म्हणायचो, भाऊ, आता जावयाला फोन करा. ते म्हणायचे, दोन बोटं आणखी वाढू दे. पुढं पुढं वळताना त्याची शेपटी काचेला लागायची. तरी भाऊंच्या हिशेबी दोन बोटं कमीच.

पिळ्याची नळी एकाच जागी दबून झिजते. भाऊ नवी आणायला मेडिकलमध्ये गेले आणि इकडं जुनी फाटली. तिचं टोक टाकीच्या तळाशी होतं, सगळं पाणी त्या वाटेनं गेलं. माझी भिंत ओली झाली तसा मी वर धावलो. जिन्यातच भाऊ भेटले.

मासा काचेवर आडवा पडला होता. कल्ले हलत होते. भाऊंनी पायडल धरलं आणि फिरवायला लागले. टाकीत पाणी नव्हतं, कॅनही रिकामे होते, तरी फिरवत राहिले. कल्ले थांबले, तरीही. शेवटी मी त्यांचा हात धरला.

मग ते उठले, बर्फ आणला, मासा थर्माकोलच्या खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "चल रोह्याला. तुला बोलता येतंय."

मी गाडीत वाक्यं जुळवत होतो. जावयानं दार उघडलं आणि एकही आठवलं नाही. रेखा कामावर गेली होती. भाऊंनी खोका दोन्ही हातांनी पुढं केला, साहेबापुढं धरतात तसा.

"जिताडा हाय. तुमचाच."

त्यानं खोका घेतला. कुठं ठेवावा हे त्याला कळेना. "सांगतो तिला," एवढंच म्हणाला. तो उद्धट बोलला नाही, पण आत या असंही म्हणाला नाही.

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीबाहेर बघत बसले. निडी स्टेशन गेल्यावर म्हणाले, "नको म्हनला नाय."

"नाही, भाऊ."

"डोकं रेखाला द्या म्हनायचं राहिलं. डोक्यासाठी आयशीबरोबर भांडायची."

मी म्हटलं, फोन करून सांगा की. त्यांनी फोन काढला, तिचं नाव शोधलं, त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि फोन परत खिशात ठेवला.

"कामावर असंल ती," ते म्हणाले.